उभ्याने विचारलेला प्रश्न

शेवटची भेट झाली तेव्हा भाऊजी शर्टाला इस्त्री करत होते. धायरीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या खिडकीपाशी उंच पायांचं इस्त्रीचं टेबल कायम उघडलेलं असायचं. ताई आत चहा टाकत होती आणि भाऊजी पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडून सावकाश इस्त्री फिरवत होते. ‘‘सभा पुढच्या महिन्यात आहे ना? मग आत्तापासून कशाला?’’ मी विचारलं. ‘‘आयत्या वेळी केलेली इस्त्री ओळखू येते,’’ ते म्हणाले. ‘‘मालकाने घाईत दिसू नये.’’ मग चहा झाला, पावसाची आणि सिंहगड रस्त्यावरच्या वाहतुकीची नेहमीची बोलणी झाली आणि मी निघालो. दोन-तीन दिवसांनी सकाळी ताईचा फोन आला. ‘‘सुधीर, अरे, हे उठत नाहीयेत...’’ एवढंच ती म्हणाली. कात्रजहून मी धायरीला पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, असं जो तो एकमेकांना सांगत होता. तो शर्ट कपाटाच्या दाराला हँगरवर लटकत होता. त्यांना तोच घालू या असं शेजारच्या काकू म्हणाल्या, तर ताईने साफ नकार दिला. ‘‘तो सभेचा आहे,’’ ती म्हणाली, आणि तिने तो कपाटात आत ठेवून दिला.

अरविंद निमकर, म्हणजे माझे भाऊजी, पेपरच्या भाषेत ‘किरकोळ गुंतवणूकदार’ होते. हा शब्द त्यांना भयंकर झोंबायचा. ‘‘किरकोळ ताप असतो, किरकोळ दुरुस्ती असते. मालक किरकोळ कसा असेल?’’ असं ते विचारायचे, आणि समोरच्याने हसून विषय बदलला तर तो पुन्हा तिथेच आणायचे. भोसरीच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत त्यांची उभी हयात गेली. कारखान्यात येणारा माल नाकारायचा की घ्यायचा हे ठरवण्याचा त्यांना पगार मिळायचा, आणि घरी ते हेच काम फुकट करायचे. शेअर घेण्याचा त्यांचा एकच नियम होता: जी वस्तू घरात वापरून पाहिली नाही, तिच्या कंपनीचा शेअर घ्यायचा नाही. पंखा, टूथपेस्ट, साबण, मिक्सर, चहा, सगळं आधी ताईच्या संसारातून पास व्हायचं आणि मग दलालाला फोन जायचा. लग्न होऊन ताई सासरी गेली अशी आमच्या घरची समजूत होती. प्रत्यक्षात ती प्रयोगशाळेत गेली होती. एकदा मी गेलो तर टेबलावर चहाचे दोन कप आणि समोर भाऊजी. ‘‘डावा बरा की उजवा?’’ ‘‘अहो, तुम्ही विचारेपर्यंत दोन्ही निवले,’’ ताई म्हणाली. भाऊजींनी ते मत गांभीर्याने ऐकून घेतलं आणि दोन्ही कप गरम करायला लावले.

सकाळी व्यापार-उद्योगाचं पान ते पेन्सिल घेऊन वाचत. त्यांची शेरेबाजी ऐकायला मी मुद्दाम रविवारी जायचो. ‘तज्ज्ञांच्या मते’ असं दिसलं की ते म्हणायचे, ‘‘म्हणजे ज्याने आधीच घेऊन ठेवलाय त्याच्या मते.’’ एखाद्या कंपनीने भाव वाढवला नाही म्हणून कौतुक छापून आलं की ते आत जाऊन बिस्किटाचा नवा पुडा आणि जपून ठेवलेलं जुनं वेष्टण घेऊन यायचे आणि एकावर एक ठेवून दाखवायचे. ‘‘भाव तोच राहिला ही बातमी झाली. पुडा आखडला त्याची बातमी कोण देणार?’’ टूथपेस्टच्या नळीचं तोंड रुंद केल्याचं त्यांना पुण्यात सगळ्यात आधी कळलं असावं. सरकारने नवा नियम आणला की सगळे खूश व्हायचे, भाऊजी विचारायचे, ‘‘मोडला तर काय होणार हे कुठल्या पानावर आहे?’’ आणि त्या पानावर दंडाची रक्कम अशी असायची की तिच्यात कंपनीची एका दिवसाची जाहिरातही बसली नसती. हे सगळं ते चिडून नाही, माल तपासणाऱ्या माणसाच्या थंडपणाने बोलायचे. तेव्हा त्यांना चीड येत नव्हती. तेव्हा त्यांचा या सगळ्यावर मनापासून विश्वास होता, हे मला फार उशिरा उमजलं. दोष काढणारा माणूस दोष दुरुस्त होतील असं धरून चाललेला असतो.

कंपन्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा हा त्यांचा सण. ज्या सभा पुण्यात व्हायच्या त्यांना ते एकही न चुकता जायचे, इस्त्रीच्या शर्टात, बसने, खांद्याला पिशवी आणि पिशवीत ताईने दिलेली पोळी-भाजी. पोळी-भाजीचं कारण असं की सभेला येणाऱ्या भागधारकांना कंपनी खाण्याचा डबा देते. कचोरी, वेफर्स, एखादा पेढा. तो घ्यायला केवढी झुंबड उडते ते मी एकदा त्यांच्याबरोबर जाऊन पाहिलं आहे. काही मंडळी तर सभेत उभी राहून अध्यक्षांच्या दूरदृष्टीचं गुणगान करतात, एक शेर म्हणतात आणि डब्याचं कूपन खिशात असल्याची खात्री करून खाली बसतात. भाऊजी डब्याला हात लावायचे नाहीत. ‘‘आपल्याच दुकानात फुकट खायचं?’’ असा त्यांचा सवाल. सभा संपली की ते बाहेर झाडाखाली बसून पोळी-भाजी खायचे. सभेत मात्र उभे राहून, दोन्ही हात मागे बांधून, अहवालाच्या पानाचा आकडा सांगून मराठीतून प्रश्न विचारायचे. कंपनी पुण्याची, माल पुण्यात खपतो, मग इंग्रजी कशाला, हा त्यांचा हिशेब. अध्यक्ष इंग्रजीतून उत्तर द्यायचे. तरी त्या काळात उत्तर यायचं, हे कबूल केलं पाहिजे.

आणि मग ते गीझरचं कूपन.

स्वयंपाकघरातल्या वस्तू आणि गॅसवर चालणारे गीझर करणारी एक कंपनी होती. तिचं नाव लिहीत नाही; लिहिलं तर हा मजकूर ज्या रविवार पुरवणीत छापून येणार आहे तिचे संपादक ते काढतील, आणि त्यांचंही बरोबर असेल. भाऊजींनी तिचा गीझर घरी बसवून वर्षभर वापरला होता. बाथरूममध्ये नळाची जोडणी सोयीची नव्हती म्हणून तो मागच्या उघड्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या वर बसला होता. उत्तम चालला. नियमाप्रमाणे शेअर घेतले, सभेला गेले. त्या वर्षी कंपनीने भागधारकांना आपल्या मालावर सवलतीची कूपनं वाटली. एरवी त्यांनी आपलं कूपन परत केलं असतं. पण माझ्या मुलाला, निखिलला, तेव्हा नुकतीच हिंजवडीत नोकरी लागली होती, एका मित्राबरोबर त्याने तिथे फ्लॅट भाड्याने घेतला होता, आणि सकाळी गार पाण्याने आंघोळ करून कंपनीची बस पकडतो म्हणून आत्यापाशी कुरकुरला होता. भाऊजींना मूलबाळ नव्हतं. आयुष्यात एकदाच त्यांनी कंपनीच्या हातून काही घेतलं, ते निखिलसाठी. गीझर दुकानातून परस्पर हिंजवडीला गेला. ‘‘घरी वापरून पाहिलाय, डोळे मिटून लाव,’’ असं त्यांनी निखिलला फोनवर सांगितलं. निखिल आनंदात होता. ‘‘काका, यू आर द बेस्ट, एकदम कडक गिफ्ट,’’ असं तो म्हणाल्याचं भाऊजी नंतर पुन्हा पुन्हा सांगायचे, कोणी विचारलेलं नसताना.

गीझर बसवायला आलेल्याने तो बाथरूममध्ये लावला. सगळे तिथेच लावतात म्हणाला. बाथरूमला खिडकी होती, पण ती डासांसाठी काच लावून बंद केलेली. गॅस जळतो तेव्हा कोंडलेल्या जागेत हवा विषारी होते, तिला वास नसतो, माणसाला नुसती झोप येते, हे आम्हाला डॉक्टरांनी नंतर समजावलं. हिवाळ्यातली सकाळ होती. बस चुकेल म्हणून मित्राने दार वाजवलं, मग तोडलं. निखिल वाचला. ‘वाचला’ हा शब्द लोक किती सहज वापरतात ते मी तेव्हापासून बघतो आहे. तो चालतो, जेवतो, आम्हाला ओळखतो. पण बोलताना शब्द त्याच्यापाशी एकेक करून येतात, आणि मधल्या वेळात तो समोरच्याकडे बघत थांबतो. जो मुलगा एका दमात अर्धं इंग्रजी अर्धं मराठी बोलून आईला चक्रावून टाकायचा, तो आता ‘पाणी’ म्हणायच्या आधी पेल्याकडे बघतो. नोकरी काही महिने राहिली, मग कंपनीचं फार सुंदर भाषेतलं पत्र आलं. तो कात्रजला आमच्याकडे परत आला.

गीझरच्या खोक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत बंद, एक माहितीपत्रक होतं. त्याच्या आतल्या पानावर बारीक इंग्रजी टायपात लिहिलं होतं की उपकरण बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावं. ते पत्रक निखिलच्या फ्लॅटमधून मी आणलं आणि भाऊजींच्या हातात दिलं. अहवालांच्या तळटीपा भिंग घेऊन वाचणारा हा माणूस. त्याच्या स्वतःच्या घरी तो गीझर नशिबाने बाल्कनीत बसला आणि त्यामुळे पत्रक उघडायची वेळच आली नव्हती. त्यांनी ते वाचलं. नंतर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ‘‘हे बाहेर का नाही?’’ ते म्हणाले. ‘‘हे खोक्याच्या वर का नाही, सुधीर?’’ माझा त्यांच्यावर राग होता आणि तो त्यांना दिसत होता. माझ्या बायकोने तर त्यांच्याकडे जाणं सोडलंच. निखिलचा जीव त्या दोघांवर म्हणून ती त्याला धायरीला पाठवायची, स्वतः खालीच रिक्षात बसून राहायची.

आम्ही वकिलाला भेटलो. पत्रकात लिहिलंय म्हणजे कंपनीने सांगितलंय, आणि बसवणारा कंपनीचा माणूस नव्हता, असं त्याने पहिल्या दहा मिनिटांतच सांगितलं. मी हात टेकले. भाऊजींनी टेकले नाहीत, कारण ते आमच्यासारखे गिऱ्हाईक नव्हते, मालक होते! ही त्यांची आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक, असं मी आज म्हणतो. ज्याच्याकडे चार शेअर आहेत त्याने स्वतःला मालक समजावं अशी कोणाचीच अपेक्षा नसते, ते फक्त अहवालाच्या पहिल्या पानावर ‘प्रिय भागधारक’ म्हणून लिहायचं असतं. ते त्यांनी खरं मानलं. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्यांकडे त्यांनी लिहिलं, तर वस्तूच्या दोषाचा विषय आमच्याकडे येत नाही असं उत्तर आलं. वस्तूंची मानकं ठरवणाऱ्यांकडे लिहिलं, तर उपकरण मानकाप्रमाणे आहे, ते कुठे बसवलं हा आमचा विषय नाही, असं आलं. प्रत्येक उत्तर बिनचूक होतं. भाऊजी ती पत्रं मला वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, ‘‘सगळ्यांचं बरोबर आहे रे. फक्त पोरगा बाथरूममध्ये पडला, तेवढंच चुकलं.’’

पुढच्या सभेला मी त्यांच्याबरोबर गेलो. ते उभे राहिले, हात मागे बांधले, आणि एकच प्रश्न विचारला: गीझर बाथरूममध्ये बसवू नये ही सूचना खोक्यावर आणि गीझरच्या तोंडावर, मराठीत, मोठ्या अक्षरात का छापत नाही? छपाईला कितीसा खर्च येईल? अध्यक्षांनी शेजारच्याच्या कानाशी काही विचारलं आणि माइक जवळ ओढला. ‘‘थँक यू, मिस्टर निमकर. सेफ्टी इज अवर टॉप प्रायॉरिटी. युअर सजेशन इज नोटेड.’’ भाऊजी खाली बसले नाहीत. ‘‘सूचना नाही केली साहेब, प्रश्न विचारलाय,’’ ते म्हणाले. तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, ‘‘अहो काका, बसा आता! खाली डबे सुटलेत!’’ आणि सगळे हसले. अध्यक्षही हसले. मी भाऊजींच्या शर्टाची बाही धरून त्यांना खाली बसवलं. त्या दिवशी त्यांनी पोळी-भाजी तशीच घरी आणली.

त्यानंतर मात्र त्यांचं बोलणं बदललं. तीच शेरेबाजी, पण आता तिला धार आली. निखिलला बोलण्याचा सराव हवा, मोठ्याने वाचायला लावा, असं उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. भाऊजींनी ते काम मागून घेतलं. दुपारी निखिल धायरीला जायचा आणि व्यापाराचं पान मोठ्याने वाचायचा. मी एकदा दाराबाहेर चपला काढताना ऐकत थांबलो. ‘‘कंपनीने... ग्राहकांच्या... सुर... सुरक्षेसाठी...’’ निखिल अडला. भाऊजींनी शब्द पुरवला नाही. ते कधीच पुरवत नसत, त्यावरून माझी बायको चिडायची. बराच वेळ गेला. ‘‘...कटिबद्ध... असल्याचं... सांगितलं,’’ निखिल म्हणाला. ‘‘शाब्बास,’’ भाऊजी म्हणाले. ‘‘तू वाचतोस ना, तसंच वाचायला पाहिजे हे पान. भरभर वाचलं की खरं वाटतं.’’ निखिल हसला. अपघातानंतर तो घरात असा हसलेला मी पाहिला नव्हता. मला वाईट वाटलं आणि थोडा मत्सरही वाटला, दोन्ही खरं.

मग साथ आली आणि सभा पडद्यावर गेल्या. साथ गेली, सभा परत आल्या नाहीत. सभागृहाचं भाडं नाही, कचोरी नाही, आणि मुख्य म्हणजे उभे राहणारे निमकर नाहीत. कंपन्यांना त्यात काय वाईट? बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवायचं, पुकारा झाला की तीन मिनिटं, आणि माइकची कळ त्यांच्या हातात. भाऊजींनी लॅपटॉप घेतला. पहिल्या वेळी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि पुकारा झाल्याबरोबर सवयीने उभे राहिले. अध्यक्षांना पडद्यावर फक्त शर्टाची बटणं दिसली. ‘‘सर, प्लीज बी सीटेड,’’ तिकडची मुलगी म्हणाली. ‘‘सभेत बसून बोलत नाहीत, बाई,’’ भाऊजी म्हणाले, आणि यातच त्यांचा वेळ गेला. पुढच्या वर्षी त्यांनी उपाय काढला. इस्त्रीचं टेबल सगळ्यात वरच्या खाचेत अडकवलं, त्यावर जुन्या गुळगुळीत वार्षिक अहवालांची चळत रचली, वर लॅपटॉप. आता कॅमेरा बरोबर चेहऱ्यासमोर आला. ‘‘अहवालांचा एवढा उपयोग मला याआधी झाला नव्हता,’’ ते म्हणाले. दर वर्षी तोच प्रश्न. दर वर्षी ‘नोटेड’. एका वर्षी ‘खोक्यावर मराठीत’ इथपर्यंत पोचले आणि आवाज बंद. ताई सांगते, ते तरीही पुढचं वाक्य पुरं करूनच थांबले. खाली बसले आणि म्हणाले, ‘‘आपल्याकडून अर्धं राहायला नको.’’

या वर्षीचं नाव त्यांनी जायच्या आधीच नोंदवलेलं होतं. दहावा झाला, बारावा झाला, सभेची तारीख आली. कंपनीला कळवायला हवं, मी ताईला म्हणालो. माझ्या बहिणीने उभ्या संसारात या शेअरबाजीत लक्ष घातलेलं मला आठवत नाही. दोन कप चहा पिऊन मत देण्यापलीकडे तिचा संबंध नव्हता. ती म्हणाली, ‘‘शेअरवर दुसरं नाव माझं आहे ना? मग मालक अजून आहे. आधी सभा होऊ दे, मग कळव.’’ सभेच्या दिवशी मी आणि निखिल सकाळीच धायरीला गेलो. माझी बायकोही आली, आणि या वेळी रिक्षात न थांबता वर आली. स्वयंपाकघरात जाऊन तिने कुकर लावला. हॉलमध्ये येऊन बघतो तर निखिलने भाऊजींचा तो पांढरा शर्ट घातलेला. त्याला तो खांद्यांत सैल होत होता. ताईनेच दिला होता. प्रश्न ताई विचारणार असं ठरलं होतं. ती टेबलासमोर उभी राहून पुटपुटत पाठ करत होती, निखिल मागे खिडकीशी, मी सोफ्यावर.

आधी बरीच मंडळी बोलली. एकाने अध्यक्षांना दीर्घायुष्य चिंतलं. एकाने सभा पूर्वीसारखी घेऊन खाण्याचे डबे पुन्हा सुरू करा म्हणून कळकळीची विनंती केली. त्यांना उत्तरही सविस्तर मिळालं. मग तिकडची मुलगी म्हणाली, ‘‘नेक्स्ट स्पीकर शेअरहोल्डर, मिस्टर अरविंद निमकर.’’ घरात ते नाव इतक्या मोठ्याने कोणी उच्चारलं नव्हतं, ते गेल्यापासून. ताईने तोंड उघडलं आणि तिला हुंदका आला. ‘‘मिस्टर निमकर? यू मे स्पीक, सर.’’ ताईने मागे बघितलं. निखिल पुढे झाला. त्याने आत्याला हाताने हळूच बाजूला केलं, कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि दोन्ही हात मागे बांधले. ‘‘मी... निमकरांचा... भाचा,’’ तो म्हणाला. ‘‘काका... गेले. माझा... प्रश्न...’’ तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की शब्द त्याला सापडलेला आहे, नुसता ओठांपर्यंत यायचा आहे. मी सोफ्याची कड घट्ट धरली. पण पुरवला नाही. ‘‘तुमचा... गीझर... मी... बाथरूम...’’ आणि पलीकडून ती मुलगी, अगदी गोड आवाजात: ‘‘सर, युअर व्हॉइस इज ब्रेकिंग. प्लीज चेक युअर नेटवर्क.’’ निखिलने मान हलवली. नेटवर्क ठीक आहे, असं त्याला सांगायचं होतं. ‘‘नेट... नेट...’’ ‘‘सर, वुई आर नॉट एबल टू हिअर यू. वुई विल मूव्ह टू द नेक्स्ट स्पीकर.’’ माइकच्या चित्रावर लाल रेघ आली आणि पुढचे गृहस्थ अध्यक्षांना नमस्कार करू लागले.

निखिल हलला नाही. आवाज बंद झालाय हे त्याला दिसत होतं. तरी तो बोलत राहिला. ‘‘बाथरूममध्ये... लावू नये... हे... खोक्यावर... मराठीत... मोठ्या... अक्षरात... का... नाही?’’ किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. मधे दोन भागधारक बोलून गेले. माझी बायको ओले हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. प्रश्न पुरा झाला. तो आम्ही तिघांनी ऐकला, आणि ज्यांना विचारला होता ते पडद्यावर हसत होते. ताईने त्याच्या पाठीवरून, त्या सैल शर्टावरून हात फिरवला आणि ‘‘शाब्बास’’ म्हणाली, अगदी भाऊजींच्या सुरात. मग दोघं आत गेली, बायकोने पानं घेतली.

मी शेवटपर्यंत बसलो. अध्यक्षांनी सगळ्यांना एकत्रित उत्तर दिलं. मिस्टर निमकर यांचा आवाज तांत्रिक अडचणीमुळे पोचू शकला नाही, पण त्यांच्या इतक्या वर्षांच्या प्रेमाबद्दल कंपनी आभारी आहे, असं ते म्हणाले. मेलेल्या माणसाचे आभार, आणि तेही प्रेमाबद्दल. मला त्या क्षणी तो लॅपटॉप खिडकीतून खाली फेकावासा वाटला. फेकला नाही, कारण सभा संपवताना ते आणखी एक वाक्य बोलले आणि मी ते ऐकत राहिलो.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. इस्त्रीचं टेबल धायरीला खिडकीपाशी तसंच उभं आहे, अहवालांची चळत आणि वर लॅपटॉप. ताई इस्त्री जमिनीवर चादर घालून करते. दुपारी निखिल जातो, व्यापाराचं पान मोठ्याने वाचतो, मग टेबलासमोर उभा राहतो, हात मागे बांधतो आणि तो प्रश्न पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतो. ताई स्वयंपाकघरातलं घड्याळ घेऊन समोर बसते. परवा तिचा फोन आला होता. आवाजात इतका आनंद मी किती दिवसांनी ऐकला. ‘‘सुधीर, आज तीन मिनिटांत बसवला त्याने! पुढच्या वर्षी बघच तू,’’ ती म्हणाली. मी वा वा म्हणालो आणि फोन ठेवला. अध्यक्षांनी सभेच्या शेवटी सांगितलं ते असं, की भागधारकांच्या सोयीसाठी पुढच्या वर्षीपासून प्रत्येकाला दोनच मिनिटं दिली जातील. त्या दोघांना मी हे अजून सांगितलेलं नाही. ही पुरवणी ताईकडे रविवारी सकाळी येते.